खार राहू द्या, पेरू झाका

मारेगावात परस असलेल्या घरी पेरू, सीताफळ, लिंबू, शेवगा आणि कुंपणावर वालाचा वेल हमखास सापडतो. या सगळ्यावर हक्क सांगणारी खारही तिथेच असते. पाठीवर तीन पट्टे असोत की पाच, सवयी सारख्याच: दिवसभर धावपळ, फळ, दाणा, फूल, कीटक, जे मिळेल ते खाणे, आणि समोरचे दात आयुष्यभर वाढत असल्याने सतत काहीतरी कुरतडणे. बागवाल्याचा जीव कळवळतो तो ऐन पाडाला आलेला पेरू पोखरलेला पाहून. अशा वेळी रागाच्या भरात जे उपाय होतात, त्यांच्याविषयी सावध करण्यासाठी हा लेख.

आमच्या भागातल्या एका घरी असेच झाले. खारींना कंटाळून त्यांनी उंदराचे औषध कणकेत मळून झाडाखाली गोळ्या ठेवल्या. खारी दुसऱ्या दिवशीही फांद्यांवर नाचत होत्या. मेल्या त्या दोन कोंबड्या आणि घरची मांजर. त्याच अंगणात रांगते मूल होते. गोळ्यांपर्यंत त्याचा हात पोहोचला नाही, एवढेच नशीब.

उंदीर मारायला वापरतात त्या झिंक फॉस्फाइडचा पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो, आणि त्यावर नेमका उतारा नाही. रक्त पातळ करणारी औषधे वेगळ्या तऱ्हेने घात करतात: विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडालाही बाधा होते. म्हणजे फुकटात उंदीर आवरणारा राखणदारच जातो. आपला तालुका कपाशीचा. फवारणीचा अर्धा उरलेला डबा घरात असतो आणि तोच परसात वापरण्याचा मोह होतो. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना दवाखान्यात दाखल करावे लागले. उघड्या शेतात ज्याने माणसे गेली, ते स्वयंपाकघराच्या दारात आणू नये. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला तर 2005 पासूनच बंदी आहे.

कायदाही लक्षात घ्यावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव होते. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या. खार पकडण्याचा विचार असेल, तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारलेले बरे. तसेही एक खार पकडून दूर सोडली तर मोकळ्या जागेत दुसरी येते, आणि ती पिलांची आई असेल तर पिले उपाशी मरतात.

मग करायचे काय? आधी चोर ओळखावा. खार दिवसा येते. तिने खाल्लेल्या फळाला खोलगट खड्डा पडतो आणि कडेवर दातांचे बारीक ओरखडे दिसतात. पोपटाच्या चोचीने गर ओबडधोबड तुटतो. वटवाघूळ रात्री येते आणि झाडाखाली चोथ्याच्या गोळ्या टाकून जाते. यातला कोण हे कळले नाही, तर उपाय वाया जातो.

खार असेल तर फळ झाकावे. कापडी पिशवी ती फाडते, म्हणून मोजक्या फळांना बारीक तारेच्या जाळीची पिशवी शिवून घालावी. बाकीचे पेरू हिरवा रंग फिकट होताच उतरवून घरात पिकवावेत. केरळ-कर्नाटकात कोकोची फळे खारी पोखरतात. तिथेही पिकलेली फळे वेळच्या वेळी काढण्यावर भर देतात.

झाड एकटे उभे असेल, तर खोडाभोवती माणसाच्या छातीच्या उंचीवर दीड-दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. फांद्या भिंतीला, छपराला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असतील तर पत्र्याचा उपयोग शून्य, कारण खार उडी मारून येते. म्हणून आधी छाटणी, मग पत्रा. खोड जाड होते, तेव्हा दरवर्षी तो सैल करावा. भुईमूग, वाटाणा पेरलेल्या वाफ्यावर रोपे वर येईपर्यंत चौकटीला ठोकलेली जाळी ठेवावी. तिखटाचे पाणी शिंपडले तर फरक पडतो, पण एका पावसात ते धुऊन जाते.

उन्हाळ्यात आणखी एक नुकसान होते. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात. सावलीत, वाफ्यांपासून लांब, मातीच्या पसरट भांड्यात रोज ताजे पाणी ठेवावे आणि नळ्यांवर पालापाचोळा पसरावा.

अमेरिकेत राहणारी मुले तिकडचे उपाय फोनवर सांगतात, तेही तपासून घ्यावेत. तिथला चिपमंक खारीच्याच कुळातला, पण तो जमिनीत बिळे करून गालाच्या पिशव्यांत दाणे भरून नेतो. बिळे बंद करण्याचा सल्ला आपल्या झाडावरच्या खारीला लागू होत नाही. उलट आपली खार 1898 साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि त्या शहरात आजही टिकून आहे. मारेगावात मात्र तिच्या मागे शिक्रा, मांजर आणि साप आहेत. विष पेरले तर हे पहारेकरीही जातात. शिवाय खार किडेही खाते, आणि काटेसावरीच्या फुलांतला मध पिताना तिच्या तोंडाला लागलेले परागकण दुसऱ्या फुलावर पोहोचतात.

कौलाखाली किंवा कूलरच्या मागे काथ्या, कापूस, सुतळी गोळा झालेली दिसली, तर ते घरटे आहे. जवळून विजेची तार जात असेल तर मेन स्विच बंद करून तार आधी तपासावी, कारण कुरतडलेल्या तारेतून ठिणगी पडते. आत पिले असतील तर ती स्वतः बाहेर फिरू लागेपर्यंत थांबावे, हात घालू नये. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवावी. घरटे रिकामे झाल्याची खात्री पटली की ते काढून त्याच दिवशी फटीवर तारेची जाळी ठोकावी.