तुटलेला खण घरी कसा जोडावा

मित्रांनो, आमचे गाव इगतपुरी तालुक्यात आहे. इथला पाऊस तुम्हांला काय सांगावा! आषाढात दारे फुगतात, खिडक्या लागत नाहीत. आमच्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाचा खणसुद्धा असाच अडकून बसतो.

एके दिवशी शाळेची घंटा झाली होती आणि माझी पट्टी त्या खणात होती. मी दोन्ही हातांनी हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला. पुढची फळी एका बाजूने सुटली. मी घाबरलो. खण तसाच आत ढकलला आणि गुपचूप शाळेत निघून गेलो.

दुपारी आईने खण ओढला, तर तळच खाली आला. बॉबिन, सुया, गिऱ्हाइकांची बटणे घरभर झाली. त्या आठवड्यात तिला गणवेश शिवून द्यायचे होते. तिने कुणालाच काही विचारले नाही. मला मात्र जेवण जाईना. रात्री मी आबांना (माझे आजोबा) खरे सांगितले. आबा म्हणाले, "आधी आईला सांग. मग उद्या जंबुरा घेऊन माझ्यापाशी बस."

आबांनी शिकवले ते असे :

१) खण मोकळा करावा. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने खूण करावी : पुढची, मागची, डावी, उजवी. नाहीतर जोडताना गोंधळ होतो.

२) का तुटला ते पाहावे. आमचा खण सागाचा, पण तळाची फळी आंब्याची. ती कुणीतरी चारी बाजूंनी खिळे मारून घट्ट बसवली होती. लाकूड दमट हवेतले पाणी शोषते. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. तळ फुगला, त्याने बाजूच्या फळ्या बाहेर रेटल्या, म्हणून खण अडकला. आबा म्हणाले, "लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते, पोरा."

३) जुने खिळे जंबुऱ्याने काढावेत. जुना सरस खरवडावा, कारण त्यावर नवा चिकटत नाही. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला डिंक. तो कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ पडतो. मग फळ्या दोन दिवस सावलीत वाळवाव्यात. चुलीजवळ ठेवू नयेत, तडकतात.

४) आधी काही न लावता सगळे जुळवून पाहावे. आमच्या खणाच्या कोपऱ्यांना पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात आहेत. ते एकमेकांत बसले की पुढे ओढून निघत नाहीत. गुरुजी म्हणाले, असे सांधे इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी वस्तूंतही आहेत. आमच्या खणाचे दोन दात तुटले होते, म्हणून तो सुटला. ते तुकडे सापडले, ते तिथेच चिकटवले.

५) दातांना फेविकॉल पातळ लावावा. (हा १९५९ पासून मिळतो. त्याआधी सुतार सरसच तापवून वापरत.) आमच्याकडे शिकंजा नव्हता. आबांनी खणाभोवती सुतळीचे वेढे घेतले आणि त्यात काडी घालून पीळ दिला. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवला, म्हणजे सुतळी रुतत नाही.

६) आता गणित! खण ३० सें. मी. रुंद आणि ४० सें. मी. लांब. आईच्या टेपने कर्ण मोजले, तर एक ५१ आणि दुसरा ४९ भरला. म्हणजे खण तिरका बसला होता. आयताचे कर्ण सारखे असतात ना? लांब कर्णाचे कोपरे हळूच दाबले. दोन्ही ५० झाले. मग एक दिवस हात लावला नाही.

७) तळाची फळी कडेने थोडी तासून खाचेत सरकवली. खिळा एकच, मागे मधोमध.

८) शेवटी खणाच्या कडांना आईचा शिंप्याचा खडू लावून खण आत-बाहेर केला. जिथला खडू पुसला, तिथे तो घासतो. मी रंधा उचलला, तर आबा ओरडले, "पावसात तासशील तर उन्हाळ्यात खुळखुळा होईल!" म्हणून तिथे नुसती मेणबत्ती घासली.

आईने एका बोटाने खण ओढला. सुर्रकन आला. ती हसली आणि म्हणाली, "पट्टी तुझ्या दप्तरात ठेव हं आता."

मित्रांनो, पटाशी, करवत मोठ्यांसमोरच हाती घ्या. अडकलेल्या वस्तूला हिसका देऊ नका, ती का अडकली ते आधी पाहा. आणि मोडलेच, तर लपवू नका. मी लपवले नसते, तर आईला भरल्या दुपारी सुया वेचाव्या लागल्या नसत्या.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी