आवाजाचा नकाशा : परिसर अभ्यासातील एक पाठ

अंबड हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. जालन्याहून वडीगोद्रीमार्गे बीडकडे जाणारी वाहतूक येथून होते. एस. टी. गाड्या, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर आणि मोटारसायकली यांच्या आवाजात अशा रस्त्यालगतच्या शाळेतील मागच्या बाकावरील मुलास गुरुजींचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. मग ‘मूल लक्ष देत नाही’ असा समज होतो. दोष मुलाचा की रस्त्याचा, हे पाहण्याचे साधन म्हणजे आवाजाचा नकाशा.

आवाजाने शिक्षणाची हानी होते, हे सिद्ध झालेले आहे. न्यूयॉर्क येथील एका शाळेचे काही वर्ग उन्नत रेल्वेमार्गालगत होते. ब्रॉन्झाफ्ट व मॅकार्थी यांनी १९७५ साली दाखवून दिले की, त्या बाजूची मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडली होती. वरच्या इयत्तेत हे अंतर सुमारे एका वर्षाचे होते. पुढे रुळांखाली रबर व वर्गांस आवाज शोषणारे छत बसविल्यावर हा फरक नाहीसा झाला.

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी महाराष्ट्रातील २७ शहरांचे असे नकाशे तयार केले. अशा कामात ध्वनिमापकाने ठिकठिकाणी डेसिबेल मोजतात. वाहनांची संख्या, वेग व इमारतींची मांडणी यांवरून न मोजलेल्या जागेचा आवाज गणिताने काढतात. यासच प्रतिरूपण म्हणतात.

कृती : शाळा व रस्ता यांचा आराखडा मुलांकडून काढून घ्यावा. चार गट करून ओसरी, फाटकाची आतील बाजू, वर्ग व मागील अंगण येथे बसवावेत. मुलांस रस्त्यावर नेऊ नये. प्रत्येक गटाने दहा मिनिटे वाहने व हॉर्न मोजावेत. नंतर वाहतूक चालू असताना प्रत्येक जागी शिक्षकांनी ठरावीक अंतरावरून नेहमीच्या आवाजात दहा शब्द उच्चारावेत. मुलांनी ऐकू आलेले शब्द लिहावेत. आठ वा अधिक शब्द बरोबर आल्यास हिरवा, पाच ते सात आल्यास पिवळा व त्याहून कमी आल्यास तांबडा रंग आराखड्यात भरावा.

गणित : वाहने दुप्पट झाल्यास आवाज सुमारे ३ डेसिबेलने वाढतो. मोकळ्या जागेत वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केल्यास तो सुमारे ३ डेसिबेलने घटतो. १० मीटरवर ७० डेसिबेल असल्यास २० मीटरवर ६७ व ४० मीटरवर ६४ होतील. बाजाराच्या दिवशी वाहने चौपट झाली तर काय होईल, हे मुलांनी काढावे. वाहने निम्मी होऊनही घट केवळ ३ डेसिबेलची, हे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे. म्हणून हॉर्न बंद करणे व वर्ग रस्त्यापासून दूरच्या खोलीत नेणे, हे उपाय अधिक महत्त्वाचे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये शाळेभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र घोषित करता येते. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल असून हॉर्न वाजविण्यास मनाई आहे.

तयार नकाशा शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांपुढे ठेवावा. तोंडी तक्रारीपेक्षा मुलांनी मोजलेले आकडे अधिक बोलतात. दरम्यान, तांबड्या जागेवरील मुलास पुढे बसवून तेच दहा शब्द पुन्हा वाचून पाहावेत.