नव्या किटनंतरही खाली जाणारे पेडल

प्रश्न : जुन्या जीपच्या मास्टर सिलिंडरमध्ये नवे किट घातले, चारही चाकांची एअर काढली, तरी पेडल तळाशी जाते. दोन-तीनदा दाबल्यावर वर येते व तेथेच राहते. कारण काय असावे?

उत्तर : ज्या अर्थी वर आलेले पेडल खाली सरकत नाही, त्या अर्थी नवे रबरी कप तेल अडवीत आहेत, असे मानण्यास हरकत नाही, तेव्हा वर आलेले पेडल लवचिक लागते की टणक, याची प्रथम खातरजमा करावी. लवचिक लागल्यास हवा बहुधा खुद्द मास्टर सिलिंडरातच आहे, कारण कोरड्या बसविलेल्या सिलिंडरातील हवा चाकांच्या निपलांतून सहसा पूर्णपणे निघत नाही. यास्तव तो उतरवून, वाइसमध्ये धरून, ब्रेक ऑइल भरून, बुडबुडे थांबेपर्यंत आतील पिस्टन सावकाश चालवावा, आणि मगच सर्वांत दूरच्या चाकापासून पुनश्च प्रारंभ करावा. टणक लागल्यास कसूर ड्रमपासून दूर राहिलेल्या लायनरांची होय, ते जुळवावेत. पेडलास सुमारे अर्धा इंच मोकळी चाल ठेवण्याची तजवीज मात्र अवश्य करावी, अन्यथा कप परतीचे सूक्ष्म छिद्र झाकतो आणि ब्रेक जखडून ड्रम तापतात. तूर्त जीप रस्त्यावर आणू नये. तिच्या चारही चाकांचा दाब या एकाच सिलिंडराच्या हवाली असतो.