भाता कोण ओढतो? : सुपरचार्जर काढून टर्बो बसवण्याचा पाठ



मागच्या महिन्यात दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मामांनी जुनी मर्सिडीज घेतली आहे. तिच्यावर 'कॉम्प्रेसर' असे लिहिले आहे. त्यातला सुपरचार्जर काढून टर्बो बसवला तर गाडी जास्त पळेल ना? गॅरेजवाले म्हणतात, दोन दिवसांचे काम आहे." प्रश्न चांगला होता. उत्तर वर्गात अर्धेच झाले, म्हणून ते येथे पूर्ण करतो.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण 1 किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची आहे. 1.8 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला 3000 फेऱ्या असतील तर 1500 × 1.8 = 2700 लिटर हवा आत जाते. यापेक्षा जास्त हवी असेल तर ती दाबून भरावी लागते. लोहार निखारे फुलवण्यासाठी भाता ओढतो, तसेच हे आहे.

हा भाता कोण ओढतो, एवढाच दोन्ही यंत्रांत मुख्य फरक आहे. सुपरचार्जर इंजिनाच्या दांड्यावरून पट्ट्याने फिरतो. लोहाराने एका हाताने घण मारावा आणि दुसऱ्या हाताने भाता ओढावा, तशी इंजिनाची थोडी शक्ती त्यातच जाते. मात्र पाय दाबताच हवा मिळते. टर्बोचार्जरमध्ये धुराड्यातून बाहेर जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबते. इंधनातील साधारण एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे वाया जाते. तिच्यातला काही भाग येथे कामी येतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पण हेही अगदी फुकट नाही. धुराची वाट थोडी अडते, आणि चक्राला वेग घ्यायला क्षणभर उशीर लागतो.

आता मामांच्या गाडीकडे वळू. मर्सिडीजने स्वतःच हा बदल केला आहे. सी-200 कॉम्प्रेसरचे 1796 घन सेंटिमीटरचे इंजिन 184 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. (हिंदी माध्यमातून शिकताना आम्ही याला बलाघूर्ण म्हणत असू.) 2009 मध्ये त्याच मापाचे टर्बो इंजिन आले. सी-200 सीजीआय या गाडीत शक्ती तेवढीच, 184. पण टॉर्क 270, आणि तोही 1800 फेऱ्यांपासूनच. आधीच्या इंजिनात पूर्ण टॉर्क 2800 फेऱ्यांना मिळत असे.

मग गॅरेजवाले बरोबर म्हणतात का? नाही. कारखान्याने फक्त भाता बदलला नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची व्यवस्था केली. ते उडताना आतली हवा थंड होते. संगणकातील इंधनाची आणि ठिणगीच्या वेळेची सारी गणितेही नव्याने मांडली.

घरच्या बदलातही ही साखळी सुटत नाही. पट्टा आणि सुपरचार्जर काढल्यावर टर्बोचे वजन व उष्णता सोसणारा नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणाऱ्या दांड्याला दाबाने तेल द्यावे लागते, आणि ते तेल उताराने परत खाली यावे लागते. दाब मर्यादेत ठेवायला वेस्टगेट नावाची झडप लागते. जवळच्या नळ्या-तारांना उष्णतेपासून आडोसा द्यावा लागतो. हवा वाढली आणि इंधन वाढले नाही, किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर मिश्रण अवेळी पेटते. त्याला नॉकिंग म्हणतात. त्याने पिस्टन फुटू शकतो.

हवा दाबली की तापते, हेही विसरू नका. समजा दाब दीडपट झाला आणि हवा 27 अंशांवरून 87 अंशांवर गेली. केल्व्हिनमध्ये हे 300 आणि 360. घनता 1.5 × 300 ÷ 360 = 1.25 पट होईल. दीडपट हवा मिळेल असे वाटले होते, मिळाली सव्वापट! म्हणून मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर हवा.

पालकांसाठी एक गोष्ट. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर हा प्रयोग नको. आणि आपल्या डिझेल गाडीत बहुधा टर्बो आहेच. लांबच्या चढाच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर संथ चालू द्या. नाहीतर तापलेल्या दांड्याजवळ तेल करपते.

त्या विद्यार्थ्याला मी "हात लावू नकोस" असे म्हटले नाही. भंगारातले एखादे इंजिन मिळाले तर प्रयोगशाळेत खोलून पाहू, असे सांगितले आहे. विश्वस्त मंडळींनी याचा जरूर विचार करावा. यंत्राचा एक भाग बदलला की बाकीचे भाग आपापला हिशेब मागतात. तो हिशेब आधी कागदावर करायला शिकणे, हेच विज्ञानाचे शिक्षण.

स्वाध्याय

1. एक लिटर हवेचे वजन 1.2 ग्रॅम धरा. वरील 2700 लिटर हवेसाठी किती पेट्रोल लागेल?
2. इंटरकूलरने हवा 87 ऐवजी 47 अंशांवर आणली, तर घनता किती पट होईल?
3. सुपरचार्जरमध्ये उशीर का लागत नाही? दोन वाक्यांत लिहा.

उत्तरे वहीत लिहून मला दाखवावीत.

– मुख्याध्यापक