चावीविना जोडणी : शाफ्ट आणि हबचा हिशेब

शाफ्टवर पुली किंवा गिअर कसा बसवायचा असं व्हायवात विचारलं, की आपलं उत्तर ठरलेलं असतं : चावी! चावीचा शिअर आणि क्रशिंग आपण इतक्या वेळा काढलेला असतो, की दुसरा मार्ग असेल हे डोक्यातच येत नाही. पण कन्व्हेयरचा ड्रम, मोठे पंखे, पोकळ शाफ्टचे गिअरबॉक्स अशा ठिकाणी चावी न वापरता केलेली जोडणी सर्रास दिसते. ती कशी निवडायची आणि तिचा हिशेब कसा मांडायचा, ते पाहू.

आधी चावीची अडचण. ६० मिमी शाफ्टला १८ बाय ११ मिमीची चावी लागते, म्हणजे शाफ्टमध्ये ७ मिमी खोल खाच. एंड मिलने काढलेल्या अशा खाचेपाशी बेंडिंगचा स्ट्रेस सुमारे २.१ पट आणि टॉर्शनचा सुमारे ३ पट होतो, असं डिझाइनची पुस्तकं सांगतात. आता फिरत्या शाफ्टमध्ये बेंडिंग दर फेऱ्याला उलटतं. मिनिटाला ६० फेरे धरले तर दिवसाला ८६,४०० वेळा, आणि बारा दिवसांत दहा लाखांच्या वर! फटीग क्रॅक खाचेच्या कोपऱ्यातून सुरू होते ती उगाच नाही. शिवाय ड्राइव्ह सारखा उलट-सुलट फिरत असेल, तर चावी हळूहळू सैल होऊन खेळू लागते.

चावीविना जोडणीत हे काम घर्षण करतं. त्याचे नेहमीचे प्रकार असे :

१) श्रिंक फिट : हब तापवून शाफ्टवर चढवायचा. स्वस्त आणि पक्का, पण काढताना घाम फुटतो. ६० मिमी बोअर ०.१२ मिमीने मोठं करायला तापमान सुमारे १८० अंशांनी वाढवावं लागतं.

२) लॉकिंग बुश : शाफ्ट आणि हब यांच्यामध्ये बसणाऱ्या निमुळत्या रिंगा. बोल्ट आवळले की आतली रिंग शाफ्टला आणि बाहेरची हबला दाबते. पुन्हा काढता येतं, हब हव्या त्या कोनात बसवता येतो.

३) श्रिंक डिस्क : ही हबच्या बाहेरून आवळते. पोकळ शाफ्टच्या गिअरबॉक्सला उत्तम.

४) क्लॅम्प हब : चीर दिलेला हब, बोल्टने आवळायचा. सर्व्हो मोटरसारख्या हलक्या कामाला.

आता हिशेब. कन्व्हेयर ड्रम, ७.५ किलोवॅट, ६० आरपीएम, शाफ्ट ६० मिमी.

पायरी १ : टॉर्क म्हणजे ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम. उत्तर ११९४ न्यूटन-मीटर. भरलेला बेल्ट सुरू होताना बसणारा धक्का धरून सर्व्हिस फॅक्टर २ घेऊ, म्हणजे २३८८.

पायरी २ : अक्षाच्या दिशेने बलही असेल, तर त्याला शाफ्टच्या त्रिज्येने गुणा. येणारी संख्या आणि टॉर्क यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या. १० किलोन्यूटन बल असेल तर २३८८ चे २४०७ होतात. आपल्या ड्रमवर असं बल नाही असं धरू.

पायरी ३ : लागणारा दाब. टॉर्कच्या दुपटीला घर्षण गुणांक, पाय, व्यासाचा वर्ग आणि संपर्काची लांबी यांच्या गुणाकाराने भागा. गुणांक ०.१२ आणि लांबी ३० मिमी घेतली, तर शाफ्टवर सुमारे ११७ मेगापास्कल दाब हवा.

पायरी ४ : हब. बहुतेक जण पायरी ३ लाच थांबतात, आणि खरी गफलत इथेच होते. बुशचा बाहेरचा व्यास ९० मिमी असेल तर हबवर येणारा दाब ११७ गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे ७८ मेगापास्कल. हब झाला जाड भिंतीचा सिलिंडर, म्हणून लामेचं सूत्र लावा. स्टीलच्या हबमध्ये हूप स्ट्रेस १८० पर्यंत चालवला, तर हबचा बाहेरचा व्यास किमान १४३ मिमी येतो. तोच हब एफजी २०० बिडाचा असेल आणि परवानगी फक्त १०० ची असेल, तर व्यास २५६ मिमी! बुश तीच, शाफ्ट तोच. पातळ बिडाचा हब बोल्ट आवळतानाच तडकू शकतो. मग मोठी बुश घेऊन काही सुटत नाही, हबचं मटेरियल बदलावं लागतं किंवा जाडी वाढवावी लागते.

आणखी एक गोष्ट. बोल्ट कॅटलॉगमधल्या टॉर्कला आवळले की बुश तिचा पूर्ण दाब देतेच, तुमच्या मशीनला तेवढा लागो वा न लागो. त्यामुळे हब तपासताना पायरी ३ मधला दाब नव्हे, तर निवडलेल्या बुशसाठी कॅटलॉगने दिलेला हबवरचा दाब घ्या. 'जास्त मोठी घेतली म्हणजे सेफ' हे इथे उलटं पडतं. शाफ्ट पोकळ असेल तर तोही आतल्या बाजूला दबतो. त्याचाही स्ट्रेस काढा.

फिटिंग करताना : शाफ्ट आणि बोअर स्वच्छ पुसा. हलकं तेल चालेल असं कॅटलॉग म्हणत असेल तर तेवढंच लावा. मोलिब्डेनमचं काळं ग्रीस संपर्काच्या पृष्ठभागावर अजिबात नको, कारण गुणांक ०.१२ वरून ०.०६ झाला की टॉर्क सरळ निम्मा. बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा. 'हाताचा अंदाज' इथे चालत नाही.

आणि हो, ही जोडणी ओव्हरलोड क्लच समजू नका. एकदा घसरली की पृष्ठभाग ओरबाडले जातात आणि पकड भरवशाची राहत नाही.

मग चावी अडगळीत टाकायची का? मुळीच नाही. लोड एकसारखा, एकाच दिशेने, टॉर्क कमी आणि खर्च महत्त्वाचा असेल, तर चावीसारखी सोय नाही. पण लोड उलटत असेल, बेंडिंग जास्त असेल किंवा हबचा कोन जुळवायचा असेल, तर चावीविना जोडणीचा विचार जरूर करा. प्रोजेक्टमध्ये लॉकिंग बुश दाखवणार असाल, तर रिपोर्टमध्ये नुसतं कॅटलॉगचं पान चिकटवू नका. बुश कॅटलॉगमधून मिळते. हबचा हिशेब मात्र आपल्यालाच करावा लागतो.