ज्येष्ठांचे मत, ज्येष्ठांच्या हाती

भारतीय राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले. मतदाराचे किमान वय प्रारंभी २१ वर्षे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीनुसार १९८९ पासून ते १८ वर्षे झाले. वयाची वरची मर्यादा मात्र घटनेने या अधिकारास कधीच घातली नाही. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, शेतीवाडीचा कारभार मुलांच्या स्वाधीन करतो. नागरिकत्वातून निवृत्ती नसते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. एवढ्या मोठ्या समुदायाचा कौल मतपेटीपर्यंत पोहोचतो की नाही, ही लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे.

केंद्रापासून घरापर्यंत

वार्धक्यात इच्छा असूनही मतदान केंद्र गाठणे अवघड होते. गुडघे साथ देत नाहीत, दृष्टी मंदावते, सोबतीला माणूस नसतो. ही अडचण ओळखून निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये २०१९ साली दुरुस्ती करण्यात आली आणि ८० वर्षांवरील मतदारांना टपाली मतपत्रिकेने घरून मतदान करण्याची मुभा मिळाली. मार्च २०२४ मध्ये ही वयोमर्यादा ८५ वर्षे करण्यात आली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ही सुविधा प्रथमच देशभर उपलब्ध झाली. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांनाही तिचा लाभ घेता येतो.

सुविधा ऐच्छिक आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येऊन नमुना १२-ड देतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो भरून द्यावा लागतो. त्यानंतर ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचे पथक घरी येते. सोबत छायाचित्रण करणारी व्यक्ती व पोलीस बंदोबस्त असतो, आणि उमेदवारांना भेटीची पूर्वसूचना दिलेली असते. पहिल्या भेटीत मतदार घरी आढळला नाही, तर पथक आणखी एकदा येते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती अशी की, घरून मतदानाचा पर्याय मंजूर झालेल्या मतदाराच्या नावापुढे यादीत तशी खूण होते आणि त्याला केंद्रावर मतदान करता येत नाही.

हिमाचल प्रदेशातील कल्पा येथील शिक्षक श्याम सरन नेगी यांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ते ओळखले गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०६ व्या वर्षी, त्यांनी घरूनच टपाली मत दिले. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

घरातील गुप्तता

मतपत्रिका घरी आली, तरी खरी कसोटी पुढेच असते. मतदान केंद्रावर यंत्राभोवती आडोसा असतो. घरात मात्र मुले, सुना, नातवंडे आणि कधी शेजारीपाजारीही भोवती असतात. ‘आजींना काय समजते, आम्ही सांगतो तिथे खूण करतील,’ ही वृत्ती प्रेमापोटी आली तरी ती आजींचा अधिकार हिरावून घेते. ज्यांच्या आधारावर दोन वेळचे जेवण आणि औषध अवलंबून असते, त्यांच्यासमोर वेगळे मत देणे वृद्धास सोपे नसते. म्हणूनच मतदानाच्या वेळी कुटुंबीयांनी खोलीबाहेर थांबावे आणि पथकानेही तसा आग्रह धरावा. मतदारावर गैरवाजवी दबाव आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. तो घरच्या माणसाने आणला, म्हणून क्षम्य ठरत नाही.

ज्यांचे वय ८५ हून कमी आहे त्यांना केंद्रावर जावे लागते. तेथे अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे यंत्रावरील चिन्ह ओळखता येत नसेल किंवा कळ दाबता येत नसेल, तर केंद्राध्यक्षाच्या परवानगीने १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. मात्र त्या सोबत्यास मत गुप्त राखण्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते आणि त्याच दिवशी दुसऱ्या कोणाचाही सोबती होता येत नाही. सोबत्याने मतदाराच्या सांगण्याप्रमाणेच कळ दाबावी, हे वेगळे सांगावयास नको.

मतदानापलीकडे

मत हा सहभागाचा आरंभ आहे. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आणि त्या काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली माणसे आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. कोणता पाझर तलाव पाणी धरतो आणि कोणत्या विहिरीचा झरा आटला, हे त्यांना ठाऊक असते. पाणीपुरवठ्याचा आराखडा मांडला जात असताना ती पारावर बसून राहिली, तर गावाचेच नुकसान होते. ग्रामसभेची वेळ त्यांना सोयीची ठेवणे, बसावयास खुर्ची देणे, विषयपत्रिका मोठ्याने वाचून दाखविणे, एवढे ग्रामपंचायतीला सहज करता येईल.

पुढील निवडणुकीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्यांचे नाव यादीत आहे का, हे पाहावे आणि मतदान घरून करावयाचे की केंद्रावर, हे त्यांनाच विचारावे. त्यांना केंद्रापर्यंत हात धरून न्यावे, मात्र खूण करताना तो हात सोडून द्यावा.