कारवीच्या जाळीत गवा समोर आला तर?

प्रश्न : हिवाळ्यात सह्याद्रीत मळलेली वाट सोडून चालताना अचानक वन्यप्राणी समोर आला तर काय करावे?

उत्तर : अशा गाठीभेटींमागे बहुधा प्राण्याचा हल्ल्याचा हेतू नसून त्याचे दचकणे असते. मळलेल्या वाटेवर माणसाची वर्दळ प्राण्याच्या सवयीची असते. कारवीच्या दाट जाळीत किंवा पुरुषभर वाळल्या गवतात मात्र दोघांनाही एकमेकांची चाहूल उशिरा लागते. म्हणून तिथे बोलत चालणे हीच खरी खबरदारी.

कोयना, चांदोली, राधानगरीच्या रानात गव्याची गाठ विशेष गंभीर. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरू शकतो. कळप सहसा निघून जातो. एकांडा नर किंवा वासरू सोबत असलेली मादी अधिक धोकादायक. गवा फुरफुरू लागला, डोके खाली घालून आडवा उभा राहिला, की तो इशारा समजावा. पळू नये. त्याची वाट मोकळी सोडून, नजर ठेवत हळूहळू मागे सरावे आणि जाड बुंध्याचा आडोसा घ्यावा. बिबट्या बहुतेकदा स्वतःच टळतो. त्याच्यापुढे वाकू किंवा बसू नये.

कड्यांवरची आग्या मोहोळे अनेक गिर्यारोहकांना सर्वांत मोठा धोका वाटत नाहीत, हे चिंताजनक आहे. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा टाळावा. एका डंखाच्या वासाने इतर माश्या चवताळतात, त्यामुळे तोंड झाकून तत्काळ दूर जावे; इथे थांबणे घातक.

उन्हाला आलेले फुरसे दगडांत दिसत नाही. ते चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे.

अभयारण्यात परवानगीविना वाट सोडणे बेकायदा आहे.